आधी शेत पायाखाली घाला, मग पीक ठरवा

(शेतकरी कार्यक्रमात झालेले भाषण)



तुमच्या शेताचा सातबारा तुमच्या घरात आहे. त्यावर गट नंबर आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, कोणतं पीक घेतलं तेही आहे. पण माती किती खोल आहे, खाली मुरूम लागतो की चुनखड, पाणी कुठं मुरतं आणि कुठं तुंबतं, हे सातबारा सांगत नाही. ते जमिनीलाच विचारावं लागतं. ते कसं विचारायचं, हे आज सांगणार आहे.

मोजणी म्हटली की आपल्याला बांधाचा तंटा आठवतो. ही मोजणी हद्दीची नव्हे. माती, उतार आणि वर उगवणारी झाडं-गवत यांची ही पाहणी आहे. तिला साहेब लागत नाही, फी लागत नाही. कुदळ, फावडे, पहार, दोर, वही-पेन्सिल आणि घरची दोन माणसं एवढ्यात ती होते.

एवढी उस्तवार कशासाठी, असं कुणी विचारील. ज्वारी चुकली तर एक हंगाम जातो. बाग चुकली तर पाच-सात वर्षं जातात आणि कर्ज अंगावर राहतं. मोसंबीचं किंवा संत्र्याचं रोप लावताना आपण खड्डा घेतो, त्यात पोयटा आणि शेणखत भरतो. पहिली दोन-तीन वर्षं झाड त्या भरलेल्या मातीवर जगतं. बाग हिरवीगार दिसते, माणूस खुशीत असतो. मग मुळ्या खड्ड्याबाहेर जातात आणि चुनखडीला लागतात. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, शेंडे वाळू लागतात. फळ धरायच्या वेळेला झाड बसतं. मग आपण औषध बदलतो, खत बदलतो, रोपवाटिकेला दोष देतो. दोष जमिनीत तीन फुटांवर बसलेला असतो, आणि लागवडीच्या आधी एक खड्डा घेतला असता तर तो त्याच दिवशी दिसला असता.

एकाच दगडाची अनेक रूपं

आपल्या पठारावरची बहुतेक माती एकाच काळ्या दगडापासून झाली आहे. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. उष्ण प्रदेशातलं ऊन आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तो कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. पण माती जिथं तयार होते तिथंच राहत नाही. पावसाचं पाणी बारीक कण उचलून खाली नेतं. म्हणून माळावर वीतभर बरड माती, मधल्या उतारावर मध्यम माती आणि ओढ्याकाठी पुरुषभर काळी, असा क्रम जवळजवळ प्रत्येक शिवारात सापडतो.

पावसाचाही हिशेब आहे. कोकणात पाऊस धो-धो पडतो. तिथं मातीतला चुना धुऊन गेला, लोह मागं राहिलं, आणि माती तांबडी झाली, जांभा झाला. घाटाच्या पूर्वेला पाऊस कमी. तिथं चुना वाहून जात नाही. तो थोडा खाली उतरतो आणि खडे किंवा पांढरा थर होऊन साठतो. आपल्या काळ्या रानात खाली चुनखड का लागते, त्याचं कारण हे आहे.

जुन्या मोजणीतला धडा

खड्डा घेऊन जमीन जोखण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी व प्रतबंदी सुरू केली. पुढं १८४७ साली तिचे नियम अहवालात पक्के झाले. त्यांनी जमिनीच्या नऊ प्रती केल्या. पहिली सोळा आणे, शेवटची दोन आणे. प्रत ठरवताना आधी मातीचा रंग आणि पोत बघत, मग खोली हातांनी मोजत. वरच्या प्रतीला पावणेदोन हात खोली लागे. त्यानंतर दोष बघत: चुनखडीचे खडे, वाळूची मिसळ, उतार, मातीचा सैलपणा, पाणी न मुरणं, वाहतं पाणी वरून जाणं, आणि झऱ्यांच्या पाण्यानं जमीन ओली राहणं. एक दोष सापडला की जमीन एक प्रत खाली जाई.

हे सात दोष आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पण एक गोष्ट विसरू नका. ती मोजणी सारा ठरवण्यासाठी होती, आणि मुख्यतः जिरायत पिकाचा विचार करून होती. पावणेदोन हात म्हणजे जेमतेम अडीच फूट. त्याच्या खाली काय आहे, हे त्या हिशेबात येत नव्हतं.

ते पाणी आल्यावर कळलं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. बारामतीकडच्या जिरायत रानांना बारमाही पाणी मिळालं, ऊस उभा राहिला. पण खोल काळ्या जमिनीत पाणी मुरून बाहेर निघेना. पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले आणि जमिनी खारवट झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यानं नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर १९१० सालीच लिहून ठेवलं आहे. वरून उत्तम दिसणारी, सोळा आण्यांची काळी सुद्धा पाणी पाजल्यावर बिघडू शकते. म्हणून बागायत करायची असेल तर वरच्या मातीइतकीच खालची माती बघितली पाहिजे.

सरकारी नकाशा असताना आपण का करायचं?

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. या संस्थेनं देशातल्या आणि राज्यातल्या जमिनींचे नकाशे केले आहेत. ते जिल्ह्याचं, तालुक्याचं नियोजन करायला फार उपयोगी आहेत. पण राज्याच्या नकाशाचं प्रमाण १ : २,५०,००० असतं, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अडीच किलोमीटर असतो. त्यात तुमचा पाच एकराचा तुकडा टिंबाएवढाही येत नाही. तो नकाशा तुमचा तुम्हीच काढायचा.

पाहणी कशी करावी?

पहिली पायरी: कच्चा नकाशा. गटाचा नकाशा मिळवा, किंवा मोबाईलवर उपग्रहाचं चित्र बघून वहीत आकार काढा. अंतर मोजायला ३३ फुटांचा दोर करून ठेवा. जुनी मोजणीची साखळी एवढीच होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. विहीर, बांध, मोठी झाडं, नाला, वाट या खुणा नकाशावर मांडा.

दुसरी पायरी: चालणं. वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत चाला, मग आडवं चाला. रंग कुठं बदलतो, दगडगोटे कुठं सरतात, उन्हाळ्यात भेगा कुठं रुंद पडतात, वाफसा कुठं उशिरा येतो, पाऊस लांबला की पीक आधी कुठं सुकतं, हे नकाशावर टिपा. घरातल्या बायांना बरोबर घ्या. खुरपणीला वाकून काम करणाऱ्या बाईला कोणत्या कोपऱ्यात कोणतं तण येतं, हे मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तिसरी पायरी: उतार. पाण्याची पारदर्शक नळी आणि फुटांच्या खुणा केलेल्या दोन काठ्या घ्या. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. दोघांनी दोन टोकांना उभं राहून पाण्याची पातळी वाचायची. शंभर फुटांत दोन फूट उतार असेल तर तो दोन टक्के. उतार जास्त तिथं माती वाहून गेलेली असणार, आणि पेरणी उताराला आडवीच हवी, हे धरून चाला.

चौथी पायरी: झाडं आणि गवत. याची वेळ श्रावण ते आश्विन. माळावर नुसती कुसळी आणि तरवड दिसली की माती उथळ, खाली मुरूम, असं समजावं. मारवेल चांगला वाढला असेल तर मातीत थोडी खोली आहे, ओल टिकते. कुंदा हे भारी काळ्या रानाचं तण. लव्हाळा दाट असेल तर ओल जास्त. पाणकणीस उगवलं तर तिथं पाणी साचतं, त्यात शंका नको. ओढ्याकाठचे उंबर, करंज, अर्जुनसादडा ओलीच्या कडेनं वाढतात. पेरलेलं उगवत नाही, मधेच बोडके चट्टे पडतात, आणि वेडी बाभूळ तेवढी तग धरते, तिथं क्षाराचा संशय घ्यावा.

मात्र एका झाडावरून निकाल देऊ नका. वेडी बाभूळ चांगल्या जमिनीतही येते. उंबराखाली ओल असते, पण तेवढ्यावर विहिरीला पाणी लागेलच असं नाही. आपल्या दगडात पाणी फटींतून आणि कुजलेल्या मुरमातून फिरतं. चार-पाच वनस्पतींचा मेळ जमला तर तो पुरावा. आणि गुरांनी सतत चरलेल्या रानात चांगलं गवत संपून निकस तेवढं उरतं, हेही लक्षात घ्या. तिथं गवतावरून जमीन आहे त्यापेक्षा हलकी वाटेल.

पाचवी पायरी: खड्डा. खरी साक्ष खड्ड्याची. चालताना जे वेगवेगळे भाग पडले, त्या प्रत्येकात निदान एक खड्डा घ्या. हंगामी पिकासाठी तीन फूट, फळबागेसाठी चार-पाच फूट किंवा कठीण दगड लागेपर्यंत. एक बाजू सरळ तासा आणि उन्हात नीट बघा. रंग कुठं बदलला, मुळ्या कुठपर्यंत गेल्या, पांढरे खडे कुठून सुरू झाले, मुरूम सैल आहे की बांधीव, हे इंचात मोजून लिहा. मुळ्या एका जागी येऊन आडव्या वळल्या असतील तर त्यांना खाली काहीतरी आडवं आलं आहे.

प्रत्येक थरातली मूठभर माती ओली करून मळा. गोळाच होत नसेल तर ती रेताड. गोळा होतो पण वळी तुटते ती मध्यम. लांब, चकचकीत वळी होते आणि हाताला चिकटते ती भारी. चुन्यासाठी मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकतात. फसफसून फेस आला की चुना आहे. लिंबाच्या रसानं फेस मंद येतो, तेव्हा कान जवळ नेऊन ऐका.

शेवटी खड्ड्याच्या तळाशी फूटभर खोल छोटा खड्डा घ्या, पाण्यानं भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर तिथं मोसंबी, संत्रा किंवा डाळिंबाची बाग लावू नका. मुळं कुजतील, डिंक्या लागेल. पाहणी झाली की खड्डे बुजवा. मधल्या काळात त्यावर काटेरी फांद्या टाका, नाहीतर पोर किंवा वासरू आत पडायचं. पुरुषभर खोल खड्ड्यात एकट्यानं उतरू नका, भेगाळलेली काळी माती ढासळते.

एक गट, चार शेतं

आता हे सगळं एकत्र कसं मांडायचं ते बघू. समजा, तुमचा पाच एकरांचा पट्टा आहे. वर माळ, खाली ओढा. पाहणीनंतर त्याचे चार भाग पडले.

वरचा एक एकर: उतार चार टक्के, कुसळी आणि तरवड, वीतभर मातीखाली मुरूम. इथं नांगर घालून पैसा घालवू नका. सुधारित गवत, बोर, सीताफळ, फार तर हुलगा-मटकी.

त्याखालचा दीड एकर: दीड-दोन फूट मध्यम माती, खाली सैल मुरूम, ओतलेलं पाणी रात्रीत मुरलं, फेस आला नाही. जिरायतात बाजरी आणि तूर. विहिरीचं पाणी असेल तर डाळिंबाला हीच जागा.

तिसरा दीड एकर: सगळ्यांत काळा, बघणाऱ्याला सगळ्यांत भारी वाटणारा. पण दोन फुटांखाली पांढरा थर, आम्ल टाकताच जोराचा फेस. मोसंबीसाठी चार फुटांपर्यंत मोकळी माती हवी आणि मुक्त चुना दहा टक्क्यांच्या आत हवा. इथं ते होणार नाही. इथं रब्बी ज्वारी, करडई, हरभरा घ्या. ज्वारीचा वाणही खोली बघून निवडा. फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी आहे, फुले वसुधा भारी जमिनीसाठी.

ओढ्याकाठचा एक एकर: पाच फूट काळी, पाणी दोन दिवस उभं, लव्हाळा दाट, उन्हाळ्यात कडेला पांढरी पापडी. इथं कोणतंही महाग पीक घेण्याआधी पाणी काढून देणारा चर हवा.

बघा, पाहणी केली नसती तर बाग कुठं लावली असती? तिसऱ्या भागात, कारण तो काळाभोर दिसतो. आणि बाग टिकण्यासारखी जागा निघाली दुसऱ्या भागात, जो डोळ्यांत भरत नाही. सातबाऱ्यावर एकच गट आहे, जमिनीत मात्र चार शेतं आहेत.

खारवट आणि चोपण यांत घोटाळा नको

पांढरी पापडी आली म्हणजे जमीन खारवट. पाण्याचा निचरा करून चांगल्या पाण्यानं क्षार धुतले की ती सुधारते. चोपण जमीन वेगळी. ती ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी, आणि पाणी वर उभं राहतं. तिचा सामू ८.५ च्या वर असतो. तिला जिप्सम लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि निचरा नसेल तर दोन्हींचा खर्च वाया जातो. म्हणून अंदाजानं जिप्समची पोती आणू नका. आधी माती तपासा, मग मात्रा ठरवा.

तपासणीला माती पाठवताना प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्या. चार भागांची माती एकत्र केली तर जो अहवाल येईल तो चारांपैकी एकाही शेताचा नसेल. एका भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं करत अर्धा किलो ठेवा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची, नुकतंच खत टाकलेली माती घेऊ नका. फळबागेसाठी दर फुटाचा नमुना वेगळा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. ती पत्रिका तुमच्याकडं असेल तर तिच्यातला नमुना कोणत्या भागातून घेतला होता, ते आधी बघा. खोली आणि खालचा थर पत्रिकेत येत नाही. तो तुमच्या वहीतच येणार.

शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या

पाणी बांध बघून वाहत नाही. तुमच्या खालच्या तुकड्यातलं तुंबलेलं पाणी वरच्या तीन शेतांतून आलेलं असतं. चर काढायचा तर तो ओढ्यापर्यंत जायला हवा, आणि वाटेत दुसऱ्याचं रान असतं. म्हणून माथ्यावरच्या गायरानापासून ओढ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून एक पाहणी केली तर उत्तम. दोन-चार दिवसांचं काम आहे. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना त्या दिवशी बोलवा. तुम्ही खड्डे घेऊन, नकाशा काढून तयार असलात, तर त्यांचा सल्ला तुमच्या शेतापुरता नेमका मिळेल.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा नवी बाग, नवी पाइपलाइन किंवा नवं पीक मनात असेल तर आधी एवढं करा. शेताचा कच्चा नकाशा काढा. वरून खाली चालून भाग पाडा. प्रत्येक भागात खड्डा घ्या आणि जे दिसेल ते मोजून लिहा. प्रत्येक भागाची माती वेगळी तपासून घ्या. ती वही सातबाऱ्याच्या शेजारी जपून ठेवा. पुढं शेताची वाटणी झाली, मुलं-सुना कारभार बघू लागल्या, तरी ती त्यांच्या उपयोगी पडेल. रोपांची इसार रक्कम मात्र खड्डे बघून झाल्यावरच द्या.